मीटर धरायला शिकवणारा वर्ग : सांगलीतल्या सफाई-प्रशिक्षणाचं परीक्षण

२४ दिवस, रोज चार तास, फी नाही, मधल्या सुट्टीत चहा-बिस्कीट. सांगली-मिरज-कुपवाड हद्दीतल्या वस्त्यांमधल्या कचरावेचक बायका, ठेक्यावरचे सफाई कामगार आणि हाताला काम नसलेली पोरं यांच्यासाठी एक संस्था हा वर्ग चालवते. करावा का, असं कुणी विचारलं तर करावा. फक्त कुठल्या दिवशी कान टवकारायचे आणि कुठल्या दिवशी शिकवणाऱ्याला प्रश्न विचारून भंडावायचं, हे आधी ठाऊक असलेलं बरं. घाणीत राबायला या मंडळींना कुणी शिकवायची गरज नाही, ते वर्ग घेणाऱ्यांपेक्षा त्यांनाच जास्त येतं. मोजमाप मात्र त्यांच्या हातात आजवर कुणी दिलेलं नाही. हा वर्ग जिथे माप देतो तिथे पैसा वसूल आहे. जिथे देत नाही तिथे वेळ जातो.

सगळ्यात भक्कम भाग म्हणजे चेंबर आणि मैलाटाकीचे चार दिवस. चार वायूंचा मीटर प्रत्येकाच्या हातात दिला जातो, लांबून दाखवून कपाटात ठेवत नाहीत. चार आकडे पाठ करून घेतात : ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्के, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत दहा भाग) आत, कार्बन मोनॉक्साइड ३५ पीपीएमच्या आत, पेट घेणारा वायू त्याच्या स्फोटाच्या किमान मर्यादेच्या १० टक्क्यांच्या आत. एकही आकडा बाहेर गेला तर काम बंद. मीटर दोरीला बांधून वर, मध्ये आणि तळाशी अशा तिन्ही ठिकाणी धरायचा, प्रत्येक ठिकाणी किमान दोन मिनिटं. मिथेन हवेपेक्षा हलका, तो झाकणाशी साठतो. हायड्रोजन सल्फाइड जड, तो तळाशी बसतो. नुसत्या तोंडाशी मीटर धरून ‘हवा बरी आहे’ म्हणणारा मुकादम कुठे चुकतो, हे इथे पाच मिनिटांत कळतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे गाळ ढवळून पुन्हा मोजायला लावतात. स्थिर गाळात वायू अडकून असतो. बांबू घातला, खोरं मारलं की तो एकदम सुटतो. वर्गात एका टबात साखर टाकून आंबवलेला गाळ ठेवतात आणि त्यावर पातळ प्लास्टिक ताणतात. मीटर प्लास्टिकच्या फटीतून आत घातला की हायड्रोजन सल्फाइडचा आकडा शून्य-एक. मग बांबूने तळ हलवतात. आकडा चढत जातो, दहा ओलांडताच मीटर किंचाळतो आणि हातात थरथरतो. मागच्या रांगेतली गप्पांची मंडळीसुद्धा तेवढ्यापुरती गप्प होतात. उतरण्याआधी तपासलं म्हणजे झालं, हा समज मोडायला भाषणापेक्षा हा टब बरा.

वासाचा मुद्दाही नीट सांगतात. सडक्या अंड्याचा वास येतोय म्हणजे वायू आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. वास गेला म्हणजे वायू गेला, हे मात्र खोटं. १०० पीपीएमच्या आसपास नाकच काही मिनिटांत बधिर होतं, त्यामुळे ‘आता वास येत नाही, उतर’ हे वाक्य सगळ्यात घातक. तोंडाला बांधलेला गमछा आणि औषधाच्या दुकानातला एन-९५ मास्क धूळ अडवतात, वायू अडवत नाहीत. काडतूसवाला मास्कही ऑक्सिजन कमी असेल तिथे निरुपयोगी, कारण तो हवा गाळतो, तयार करत नाही. हे तिन्ही मास्क टेबलावर मांडून कुठला कशासाठी हे विचारतात. उत्तर चुकलं तर पुन्हा विचारतात.

वाचवायला उतरलेला माणूसच पुढचा बळी ठरतो, हा भागही चांगला बसवलाय. तिपाई, चरखी आणि अंगभर पट्टा लावून पोत्यात वाळू भरलेला पुतळा वर ओढायचा सराव होतो. आत पडलेल्याच्या मागे कुणीही उतरायचं नाही, वरूनच ओढायचं. पट्टा आधीच अंगात नसेल तर वरून ओढता येत नाही, म्हणून पट्टा उतरण्याआधीच बांधलेला हवा. हा साधा तर्क पुतळा उचलताना हाताला कळतो.

आता दोष. मीटर चांगला, पण त्याची तपासणीची चिठ्ठी मुदत उलटलेली असते आणि तपासणी वायूचं नळकांडं संस्थेकडे नाही. मीटरच्या आतले सेन्सर साधारण दोन-तीन वर्षांत दमतात. विषारी वायूचा दमलेला सेन्सर आरडाओरडा करत नाही, निवांत शून्य दाखवतो. म्हणून रोज कामाआधी माहीत असलेला वायू फुंकून मीटर ओरडतो का ते बघायचं असतं. हे तोंडी सांगतात, करून दाखवत नाहीत. मीटर चालू करून शून्यावर आणायची जागाही एकदा चुकीची दाखवली जाते, चालू टेम्पोच्या धुराड्याशेजारी. तिथली हवाच ‘स्वच्छ’ धरली तर पुढचे सगळे आकडे कमी येणार. उघड्या हवेत, गाडीपासून आणि झाकणापासून लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं राहून हे करायचं.

दुसरा दोष जास्त गंभीर, आणि तो खास आपल्या भागातला. सांगली-साताऱ्याकडे साखर कारखाने आहेत, मळीच्या टाक्या आहेत, द्राक्षाचा रस आंबतो, बंद पडलेल्या विहिरी आहेत. या सगळीकडे खरा शत्रू कार्बन डायऑक्साइड, आणि चार वायूंचा साधा मीटर तो मोजतच नाही. ऑक्सिजनचा आकडा पडेल तेव्हा कळेल म्हणावं, तर हिशेब असा : हवेत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळला तर ऑक्सिजन २०.९ वरून साधारण १९.९ वर येतो. मीटरची घंटा १९.५ ला. म्हणजे मीटर शांत, आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड माणसाला धाप लावून भोवळ आणायला पुरेसा. मळीच्या टाकीसाठी किंवा विहिरीसाठी त्या वायूचा वेगळा सेन्सर लागतो. २०.९ चा आकडा थोडासा घसरला तरी तो इशारा समजावा. वर्गात याचा उल्लेख नाही. शिकवणाऱ्यांना विचारलं तर मान्य करतात, अभ्यासक्रमात मात्र नाही.

कायद्याचा तास छोटा पण स्पष्ट आहे. हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा, त्यातली गटार-टाकीत माणूस धोकादायकपणे उतरवल्याच्या पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही ही शिक्षा, यंत्राने शक्य नसेल तेव्हाच आणि स्थानिक संस्थेच्या मुख्य अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीनेच उतरता येतं हा नियम, आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये गटारातल्या मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली तो निकाल. ‘नाही’ म्हणायला हा आधार आहे. ‘नाही’ म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी हजेरीवर नाव नसेल तर काय करायचं, यावर मात्र एक अवाक्षर नाही. निदान परवानगीचा कागद मागायचा, तो नसेल तर ठेकेदाराला मेसेज टाकून ‘परवानगी आल्यावर उतरतो’ असं लिहून ठेवायचं, एवढं तरी सांगायला हवं होतं. तोंडी नकार हवेत विरतो.

पूरसफाईचे तीन दिवस सांगलीकरांना सगळ्यात कामाचे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. हे आकडे इथल्या पोरांना पाढ्यांसारखे पाठ. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रस्ता, दत्तनगर इथून आलेल्यांना चिखल काढायचा क्रमही तोंडपाठ वाटतो, पण वर्गात त्यातल्या चुका दिसतात. मेन स्विच बंद आणि टेस्टरने खात्री, हे पहिलं. गाळ ओला असतानाच काढायचा. वाळला की विटेसारखा चिकटतो आणि खरवडताना त्याची धूळ फुफ्फुसात जाते. वरून खाली, आतून बाहेर. काढलेला गाळ दारासमोरच्या चेंबरमध्ये ढकलायचा नाही. अख्खी गल्ली हे करते आणि आठवडाभराने अख्खी गल्ली तुंबते.

मग ब्लीचिंग पावडर. पूर ओसरल्यावर रस्त्याकडेला पांढरी रांगोळी घातल्यासारखी ती टाकलेली दिसते. त्याचा उपयोग छायाचित्रापुरता. क्लोरीन चिखलातल्या सेंद्रिय घाणीवरच खर्च होतो, जंतूंपर्यंत पोचत नाही. आधी गाळ, मग साबणपाणी, मग स्वच्छ पाणी, आणि शेवटी पावडरचं द्रावण. ताजी पावडर ३० ते ३३ टक्के क्लोरीनची असेल तर लिटरला ३० ग्रॅम, म्हणजे साधारण एक टक्क्याचं द्रावण. १० लिटरच्या बादलीला ३०० ग्रॅम. वजनकाटा गल्लीत कुणाकडे असणार, म्हणून वर्गात प्रत्येकाला एका प्लास्टिकच्या डब्यावर ३०० ग्रॅमची मार्करने खूण करून देतात. संपूर्ण वर्गातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी वस्तू हीच. द्रावण प्लास्टिकच्या बादलीत करायचं (लोखंडी बादली गंजते), साका खाली बसू द्यायचा, वरची निवळ घ्यायची, फरशीवर अर्धा तास ओली ठेवायची. संडास साफ करायच्या ॲसिडबरोबर चुकूनही नाही. क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जीवघेणा. उघडं पोतं पावसाळ्यात आठ-पंधरा दिवस पडलं तर वास राहतो, ताकद जाते. वासावरून ताकद ठरवू नका, हे दोनदा सांगतात ते योग्यच.

विहिरीचं गणितही घेतात. व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले ३.१४, भागिले ४. व्यास ४ मीटर, पाणी ५ मीटर, तर ६२.८ घनमीटर, म्हणजे ६२,८०० लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर धरली तर १५७ ग्रॅम. तासाभराने पाण्यात लिटरला अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे. तपासणी संचात रंग फिका आला तर पुन्हा मात्रा. गढूळ पाण्यात हा हिशेब फसतो, जास्त पावडर लागते, म्हणून आधी उपसा. सातवी नापास बायका हे गणित तिसऱ्या वेळेला बिनचूक करतात. ‘मावशी, खोरंभर टाकू का?’ असं कुणी विचारलं की हसतात.

याच भागात दोन भगदाडं आहेत. पुरात द्राक्षबागायतदारांच्या खोल्यांमधली, औषध दुकानांमधली कीटकनाशकं वाहून गाळात येतात. लेबलवरच्या त्रिकोणाचा रंग ओळखायला अक्षरओळख लागत नाही : लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. रिकाम्या बाटल्या तीनदा विसळून, विसळलेलं पाणी फवारणीच्या टाकीतच ओतून, बाटलीला भोकं पाडायची, म्हणजे तीत कुणी रॉकेल भरणार नाही. तासगाव-मिरज पट्ट्यातल्या कचरावेचकाला हे रोज लागतं, आणि वर्गात याला दहा मिनिटं. दुसरं, सिमेंटचे जुने पत्रे. त्यांत ॲस्बेस्टॉस (फुफ्फुसाला घातक तंतूंचं खनिज) असतो. पडक्या घराचा पत्रा हातोड्याने फोडून गाडीत भरला की तंतू उडतात. न फोडता, पाणी मारून, अख्खा उचलायचा, प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा. याचा उल्लेखच नाही. अमेरिकेत १९९८ पासून तिथली पर्यावरण संस्था प्रदूषित पडीक जागांच्या शेजारी राहणाऱ्या गरीब वस्त्यांतल्या लोकांना अशाच कामाचं प्रशिक्षण द्यायला पैसे देते. तिथे ॲस्बेस्टॉस आणि शिशाचा रंग काढणं हे स्वतंत्र विषय असतात, आणि घातक कचऱ्यावर काम करणाऱ्याला ४० तासांचा वर्ग आणि वर तीन दिवस प्रत्यक्ष जागेवर देखरेखीखाली काम हा कायद्याचा किमान नियम आहे. आपल्याकडच्या या वर्गाचे ९६ तास भरतात, पण प्रत्यक्ष जागेवरचा एकच दिवस, तोही कचरा डेपोला भेट. भेट म्हणजे काम नव्हे.

सुक्या कचऱ्याचे दिवस बरे आहेत. भंगारवाल्याला जे कळतं तेच, पण कारणासकट. प्लास्टिकचा तुकडा पाण्यात तरंगला तर पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलिन, बुडाला तर पेट (पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक), पीव्हीसी किंवा टणक पॉलिस्टायरीन. पाण्यात भरपूर मीठ घातलं की पॉलिस्टायरीन वर येतं, पेट आणि पीव्हीसी तळाशीच. जाळून वास घ्यायची जुनी पद्धत बंद करायला सांगतात, कारण पीव्हीसीच्या धुरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. पेटच्या गठ्ठ्यात पीव्हीसीची बाटली गेली तर वितळवताना ती जळून सगळा माल पिवळा पडतो, म्हणून कारखाना गठ्ठा परत करतो. बाटलीचं टोपण आणि कडं वेगळ्या प्लास्टिकचं, म्हणून ते काढायचं. ओल्या पुठ्ठ्याला व्यापारी कडता (वजनातली कपात) किती लावतो आणि खरी ओल किती असते, हे वजन करून, वाळवून, पुन्हा वजन करून दाखवतात. दोन वजनांतला फरक फळ्यावर लिहिला की बायका पटकन वहीत उतरवून घेतात. दराची घासाघीस करायला हा आकडा उपयोगी पडतो.

खताचा दिवस मात्र वाया. टीव्हीवरच्या पाककृतीसारखं एका कोपऱ्यात ओला कचरा आणि दुसऱ्या कोपऱ्यात आधीच तयार केलेलं खत. मधलं काहीच नाही, थर्मामीटरसुद्धा नाही. ढीग ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापला पाहिजे, तरच रोगजंतू आणि बिया मरतात. न तापला तर ओल जास्त किंवा हवा कमी, ६५ च्या वर गेला तर उलटायचा. मूठ दाबून एक-दोन थेंब पडले तर ओल बरोबर, धार लागली तर पाचट मिसळा. पाचटाला इथे काय तोटा? कार्बन-नत्राचं प्रमाण २५-३० ला १ ठेवायचं तर स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात चिरलेलं पाचट मिसळणं हा सांगली जिल्ह्यातला सगळ्यात सोपा उपाय, आणि वर्गात लाकडाचा भुसा ‘बाजारातून आणावा’ असं सांगतात. शहरी खत म्हणून विकायचं तर ९० टक्के तरी ४ मिलिमीटरच्या चाळणीतून गेलं पाहिजे, हेही कुणी सांगत नाही. चाळणीसुद्धा नव्हती.

संरक्षणाचं साहित्य मोफत मिळतं, पण माप पुरुषांचं. तीसच्या तुकडीत निम्म्याहून जास्त बायका, आणि गमबूट ८ नंबरपासून पुढे. ५ नंबरच्या पायात ८ चा बूट म्हणजे चिखलात पाय वर येतो, बूट तिथेच. सैल हातमोजा वर्गीकरणाच्या पट्ट्यात अडकतो, तो नसलेला बरा. बूट-मोजे उलटे करून वाळवायचे, नाहीतर चिखल्या होतात, एवढं सांगतात. धनुर्वाताचं इंजेक्शन शिबिरातच देतात, हेपॅटायटिस-बीचे तीन डोस (आज, महिन्याने, सहा महिन्यांनी) सुरू करत नाहीत. सुयांनी भरलेल्या कचऱ्यात हात घालणाऱ्यांसाठी खरी गरज त्याचीच. पुरात काम केल्यावर ताप आणि पोटऱ्या दुखल्या तर लेप्टोची (उंदरांच्या मुतातून पाण्यात येणाऱ्या जंतूंच्या तापाची) शंका घेऊन लगेच दवाखाना गाठा आणि पुरात काम केल्याचं डॉक्टरांना सांगा, हे सांगितलं जातं. प्रतिबंधक गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

परीक्षा टॅबवर, चार पर्यायांची. भाषांतर यंत्राने केलेलं दिसतं : चेंबरला ‘मनुष्यछिद्र’ म्हटलंय. घातक या अर्थी ‘परिसंकटमय’ हा तर खरंच सरकारी शब्द, त्यामुळे कुणाला दोष द्यावा कळत नाही. शिकवणाऱ्या ताई आदल्या दिवशी हे शब्द फळ्यावर लिहून अर्थ सांगतात म्हणून निभावतं. प्रमाणपत्र मिळालं की ‘नमस्ते’ योजनेत नाव नोंदवायला मदत करतात. गटार-टाकी कामगारांसाठी ती २०२३ पासून आहे, २०२४ पासून कचरावेचकही तीत आले. ओळखपत्र, आरोग्य विमा, यंत्र घ्यायला अनुदान अशा गोष्टी तीतून मिळतात. आधार आणि बँक खात्यावरचं नाव अक्षर न अक्षर सारखं नसेल तर अर्ज अडकतो. बऱ्याच बायकांचं एकीकडे माहेरचं नाव, दुसरीकडे सासरचं. हे वर्ग सुरू होण्याआधीच दुरुस्त करून ठेवा.

नोकरीचं आश्वासन संस्था देत नाही, हा प्रामाणिकपणा आवडला. पण पगाराची चिठ्ठी वाचायला शिकवायला हवं होतं. महिना २१,००० पर्यंत पगार असेल तर ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) लागू. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापतात, मालकाने ३.२५ टक्के भरायचे. ठेकेदार चारही टक्के कामगाराच्या पगारातून कापत असेल तर ते चिठ्ठीवरच दिसतं, बघता आलं पाहिजे.

वेळ सकाळी १० ते २. कचरावेचक बायकांची फेरी पहाटे सुरू होऊन दहापर्यंत संपते, मग माल निवडून विकायचा असतो. वर्गाला आलं की त्या दिवसाची विक्री बुडते, त्यामुळे ‘मोफत’ हा शब्द जरा जपूनच वापरावा. पहिल्या आठवड्यानंतर रोज पाच-सहा जणी गैरहजर असतात त्या यामुळेच. दुपारी ३ ते ७ ठेवला तर तुकडी भरलेली राहील.

नाव घालायचं तर मेअखेर संपणारी तुकडी घ्या, पूरसफाईचं शिकलेलं लगेच हाताशी राहतं. पावसाळ्यानंतरच्या तुकडीत तो भाग घाईत उरकतात. चेंबरच्या दिवशी मीटरवरची तपासणीची तारीख वाचून दाखवायला सांगा. अर्जात बुटाच्या नंबरासाठी रकाना नाही. नावाच्या शेजारी मोठ्या अक्षरात लिहून द्या.